पाणी बघून घेतलेलं घर

घर विकत घ्यायला जाऊन घराकडे ढुंकूनही न बघणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा निघावा हे माझं भाग्य. लोक घर बघायला जातात तेव्हा स्वयंपाकघर बघतात, देवघर कुठे येईल ते ठरवतात, शेजारी कोण आहे त्याची हळूच चौकशी करतात. काका पायऱ्या चढून थेट गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीवर टिचक्या मारायचे, पाइपाला कान लावून डोळे मिटायचे. मग खाली येऊन पिशवीतला पितळी तांब्या काढायचे आणि त्यातलं पाणी हॉलच्या नव्याकोऱ्या फरशीवर ओतून, कमरेवर हात ठेवून, ते कुठे जातं ते बघत उभे राहायचे. एजंट आ वासून त्यांच्याकडे बघायचा आणि मी खाली फरशीकडे. एका फ्लॅटमध्ये ते पाणी न्हाणीघराकडे जायचं सोडून मालकांच्या सोफ्याखाली गेलं. "माणूस खोटं बोलतंय, पाणी न्हाय बोलत," असं म्हणून काकांनी तांब्या पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. सोफ्याखालचं पाणी मी माझ्या रुमालाने पुसलं.

याला कारण त्यांची नोकरी. काका पाणीखात्यात चावीवाले होते. सोलापूरबाहेरच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडे नळ सोडला की पाणी येतं असं नसतं, पाण्याचा दिवस आला की पाणी येतं. तो दिवस चौथा असतो, कधी पाचवा. त्या दिवशी चावीवाला सायकलवरून येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतो, छातीएवढी उंच चावी आत घालून दोन्ही हातांनी पिळतो, आणि मग गल्लीतले नळ आधी खाकरतात, मग शिंकतात आणि मग वाहू लागतात. आमच्या गल्लीत कोण कधी डोक्यावरून न्हाणार, गोधड्या कधी धुतल्या जाणार, पाहुणे कधी बोलवायचे आणि कधी त्यांना वाटेला लावायचं, हे सगळं पंचांगाने ठरत नसे, काकांच्या चावीने ठरे. साहजिकच काका माणसांना नावाने नव्हे, पाण्याच्या वेळेने ओळखत. त्यांच्या लेखी कोपऱ्यावरच्या बाई म्हणजे पावणेचार, शिंपीमास्तर म्हणजे साडेचार आणि मी सव्वापाच. माझ्या लग्नात त्यांनी आपल्या साहेबांशी माझी ओळख करून दिली ती अशी, "हे आमचे नवे जावई. शाळेत मास्तर हायेत. सव्वापाचची लाइन, प्रेशर चांगला हाय."

पस्तीस वर्षांत या माणसाने कुणाला पाच मिनिटं जास्त पाणी सोडलं नाही. दिवाळीत लोक फराळाचे डबे घेऊन यायचे, ते काका मनापासून खायचे, तारीफ करायचे, आणि चावी मात्र घड्याळात बघूनच फिरवायचे. त्यांचं स्वतःचं घर होतं लाइनीच्या अगदी शेवटी, तेही चढावर. गल्ली भरून झाली की उरलंसुरलं पाणी धापा टाकत त्यांच्या नळापर्यंत पोचायचं. करंगळीएवढी धार. चावी ज्याच्या हातात त्याच्याच घरी सगळ्यात कमी पाणी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन मिनिटं आधी चावी फिरवली तर कुणाला कळणार आहे, असं मी एकदा त्यांना म्हणालो. त्यावर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवसच, कारण पाचव्या दिवशी पाणी होतं.

ती करंगळीएवढी धार ज्यांनी पस्तीस वर्षं भरली त्या आमच्या मावशी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात बोलणं मराठी, पण राग आला की कानडी. नवऱ्याशी भांडण संपवायचं झालं की नुसतं "साकु" म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि ते खरोखर संपायचं. घरात त्यांची निळ्या प्लास्टिकची अकरा पिंपं होती, आणि पाण्याच्या दिवशी त्या पहाटे पावणेचारला उठून धार पोचेपर्यंत पिंपांशी कुजबुजत हिंडायच्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी नवरीने नवऱ्याला विचारलेला पहिला प्रश्न "पाणी कधी येतं?" हा होता, हे काकांनीच मला सांगितलं. त्यानंतर मावशी माहेरी कधी धड राहिल्याच नाहीत. पंचमीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोका खेळतात, बांगड्या भरतात. मावशी जायच्या, पण सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत, कारण दुसऱ्या दिवशी पाणी. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्या स्टँडवर पोचल्या होत्या. पुढे त्यांची मनगटं दुखायला लागली, पदराच्या टोकाने मनगट बांधून त्या घागर उचलायच्या. काकांना ते दिसत होतं. "रिटायर झालो की तुला असं घर देतो," ते म्हणायचे, "नळ सोडला की पाणी. दिवस बघायचा न्हाय." मावशी ऐकायच्या आणि पिंपावर झाकण ठेवायच्या.

निवृत्त झाल्यावर काका चावी खात्यात जमा करून आले आणि दुसऱ्याच दिवशी घर शोधायला लागले. माझ्याकडे जुनी का होईना चारचाकी आहे, हा माझा गुन्हा. शहरातली घरं त्यांच्या ऐपतीबाहेर होती. कुंभारीला कामगारांच्या घरांपैकी एक स्वस्तात मिळत होतं आणि ते त्यांना आवडलंही असतं, पण ते होतं लाइनीच्या शेवटी, आणि शेवट हा शब्द ऐकताच काका गाडीत येऊन बसले. टेंभुर्णीला हायवेलगतच्या घराच्या मालकाने आपल्या बोअरची फार स्तुती केली. काकांनी एक घोट घेतला, चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला आणि गिळला. "लई खोलातनं येतंय. एवढ्या लांबचा पाव्हणा फार दिवस ऱ्हात न्हाय," असं म्हणाले आणि निघाले. करमाळ्याच्या मालकाने रोज पाणी येतं अशी शपथ घेतली. काकांनी देवीच्या दर्शनाचं निमित्त करून तिथेच मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी त्या नळासमोर जाऊन बसले. हा कुणी सरकारी तपासनीस असावा असं वाटून मालकाने पहिल्या दिवशी चहा दिला, दुसऱ्या दिवशी पोहे, तिसऱ्या दिवशी जेवायला घातलं. चौथ्या दिवशी वीज गेली, मोटार बंद पडली आणि काका पुरणपोळी खाऊन परत आले.

दीड वर्ष असं चाललं. माझ्या बायकोने मला, काकांच्या नादी लागून रविवार घालवू नका, असं बजावलं. पुण्याची त्यांची लेक फोनवर म्हणायची, बाबा, आता आहे त्यात सुख माना. काकाही गप्प गप्प राहू लागले होते. आणि अशात आम्ही एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला बार्शीच्या पलीकडे, बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावात गेलो. गावाचं नाव मी सांगत नाही. काकांनी बजावून ठेवलं आहे, नाव छापलं तर अख्खं सोलापूर तिथे येऊन बसेल आणि झऱ्याला नंबर लागतील.

साखरपुड्यात जेवणाची पंगत बसली आणि काका गायब. शोधत शोधत मी डोंगराच्या निम्म्यापर्यंत गेलो. तिथे कपारीतून एक झरा दगडी हौदात पडत होता, हौदातून पाइप निघून खाली गावातल्या तीसेक घरांना जात होता. मोटार नाही, वीज नाही, झाकण नाही, चावी नाही. काका नव्या धोतरानिशी मातीत आडवे झाले होते आणि पाइपाला कान लावून पडले होते. मला वाटलं घेरी आली. मी हाक मारली तर त्यांनी बोटाने गप्प राहायची खूण केली. मग उठले. डोळे भरले होते.

"जावई," ते म्हणाले, "हितं कुणी पाणी सोडत न्हाय. आपल्या आपण येतंय."

त्या लाइनीवरचं सगळ्यात पहिलं, डोंगराला चिकटून असलेलं घर विकायचं होतं. मालक मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. तीन खोल्या, दोनवर स्लॅब, एकीवर पत्रा, दारात शेवगा. सोलापुरात जेवढ्यात गाडी लावायला जागा मिळाली असती तेवढ्यात हे घर मिळत होतं. मालक म्हणाले, आत येऊन बघा तरी. काका अंगणातल्या नळाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, आत भिंतीच असणार की. तांब्यासुद्धा काढला नाही. दस्त लिहिताना मात्र त्यांनी लिहिणाऱ्याला घाम फोडला. चतुःसीमा लिहायच्या होत्या, पूर्वेला डोंगर, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेला रस्ता, एवढं लिहून झालं. उत्तरेला पडीक जागा होती. काका म्हणाले, पडीक कशी, तिथनं पाण्याची लाइन जाती, ते लिहा. अर्धा तास वाद झाला. शेवटी लिहिणाऱ्याने हात जोडले आणि लाइन लिहिली.

मावशींनी घर पाहिलं ते विकत घेऊन झाल्यावर. स्वयंपाकघराला खिडकीच नाही, हे काकांना त्यांच्याकडूनच समजलं. आधी त्या डोंगरात जाऊन माकडं सांभाळायची का म्हणून रुसल्या होत्या. मग एका अटीवर तयार झाल्या, अकराही पिंपं बरोबर येतील. टेम्पोत एक खाट, एक कपाट, देव आणि अकरा पिंपं असा संसार निघाला. पोचल्यावर मावशींनी अंगणातला नळ सोडला. पाणी आलं. बंद केला. परत सोडला, परत आलं. नळाला हात तसाच ठेवून त्यांनी शेजारणीला विचारलं, "आज दिवस हाय का?" शेजारणीला प्रश्नच समजला नाही, ती म्हणाली, सोमवार आहे.

त्या दिवशी मावशींनी अकरा पिंपं भरली, बादल्या, घागरी, कळश्या भरल्या, कुकर भरला, आणि काहीच उरलं नाही तेव्हा वाट्या भरल्या. चौथ्या दिवशी पहाटे पावणेचारला त्यांना आपोआप जाग आली. पिंपातलं पाणी शिळं झालं म्हणून त्यांनी ते शेवग्याला ओतलं आणि सगळं पुन्हा भरलं. नळ वाहत असताना शेजारीच शिळं पाणी ओतून ताजं भरणारी बाई त्या गावाने पाहिली नव्हती, बायका बघायला जमल्या. काकांचं तर विचारूच नका. गावातल्या निम्म्या नळांना तोट्याच नव्हत्या, पाणी रात्रंदिवस गटारात जायचं. काका सकाळी चहा पिऊन निघायचे आणि दारोदार नळ बंद करत फिरायचे. जिथे तोटी नाही तिथे स्वतः बार्शीहून आणून बसवायचे. सुरुवातीला लोक चिडले. आमचा डोंगर आहे, आमचं पाणी आहे, तुमच्या बापाचं काय जातं, असं एकाने तोंडावर विचारलं. काका म्हणाले, काय जात न्हाय, मला बघवत न्हाय. गावाने त्यांचं नाव नळबंद आजोबा ठेवलं, आणि ते त्यांना आवडलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो तेव्हा घरात काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. काका दाढी न करता ओट्यावर बसून होते. मागे भिंतीला टेकून एक नवी कोरी चावी उभी होती, छातीएवढी. बार्शीच्या लोहाराकडून त्यांनी ती करून आणली होती. मला वाटलं, आठवण म्हणून. त्यांनी मला लाइनीच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत नेलं आणि वाटेत सगळं सांगितलं. झरा चैत्र संपला की बारीक होतो, दर वर्षीच होतो. वरची घरं भरून घेतात आणि खालच्या वस्तीतल्या दहाएक घरांना थेंब पोचत नाही. अगदी शेवटच्या घरात एक विधवा बाई राहते, दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपते आणि संध्याकाळी घागर घेऊन एवढा चढ चढून मावशींच्या नळावर येते. तीन ठिकाणी व्हॉल्व्ह बसवले, पाळ्या लावल्या, तर झऱ्यात सगळ्यांना पुरेल इतकं पाणी आहे. काकांनी घड्याळ लावून, बादल्या मोजून खात्री केली होती. सरपंचांना विचारलं होतं, तेही तयार होते.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

काकांनी त्या बाईच्या कोरड्या नळाची तोटी उघडून परत बंद केली. "पैली चावी माझ्याच नळावर बसती," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी पाणी येनार तुमच्या मावशीला. मी शबुद दिलाय, जावई. दिवस बघायचा न्हाय म्हनून." पस्तीस वर्षं शेवटच्या घरात राहिलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा लाइनीच्या तोंडाशी आला होता, आणि तिथे त्याला झोप लागत नव्हती. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हणालो, काका, एकदा तरी स्वतःचं बघा. ते चढ चढायला लागले.

दुपारी जेवायला बसलो. मावशींनी भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली, तिच्यावर तेल सोडलं. काका भाकरीचा एकच तुकडा मोडून चिवडत बसले होते. मावशी तव्याकडे बघतच बोलल्या.

"ती चावी काय पुजाया आनलीया व्हय? लावा की."

काकांनी मान वर केली.

"मला सगळं कळलंय," मावशी म्हणाल्या. "पस्तीस वरसं तुमी पाणी सोडलं, पर भरलं मी. शेवटच्या घरातली बाई मोकळी घागर घिऊन कशी परत जाती, ते तुमाला न्हाय ठावं. मला हाय."

काका शब्द दिल्याचं काहीतरी पुटपुटू लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, "साकु." मग म्हणाल्या, "एक मातुर माझं ऐकायचं. सोडायचं तर शेवटच्या घरापास्नं सोडायचं. पैलं पाणी तिला." भाकरी उलटताना तव्यावर त्यांचं बोट भाजलं, ते त्यांनी तोंडात घातलं. काका रडत होते हे दिसू नये म्हणून मी पाणी मागितलं.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बसले. काकांनी दाढी केली, खात्याचा जुना खाकी शर्ट घातला, आणि चावी फिरवली तेव्हा निम्मं गाव शेवटच्या घरापाशी जमलं होतं. तो नळ आधी खाकरला, मग शिंकला, मग धार आली. त्या बाईने आधी पाणी तोंडावर मारलं, मग पोरींना हाक मारली. मावशी पुन्हा पावणेचारला उठून, पाळी आली की पिंपं भरू लागल्या, आणि त्यांना हसलेल्या बायकांनी वैरागच्या बाजारातून निळी पिंपं आणली. काका पुन्हा माणसांना वेळेने ओळखू लागले. सरपंच म्हणजे साडेसहा, शेजारीण म्हणजे पावणेसात. शेवटच्या घरातल्या बाईला ते 'पैल्या वैनी' म्हणतात.

इकडे आमच्या गल्लीत नवा चावीवाला आला आहे. चांगला आहे, मोबाइलवर मेसेज टाकतो. पण पाण्याच्या दिवशी सव्वापाचला मला जाग येते तेव्हा सायकलची ती कुरकुर ऐकू येत नाही, आणि अंथरुणात उगाचच उदास वाटतं. मला नावाने हाक मारणारे पुष्कळ आहेत, सव्वापाच म्हणणारा एकच होता.

श्रावणात मी पुन्हा गेलो. झरा भरून वाहत होता, चावी खुंटीला लावलेली होती, पाळ्या बंद होत्या. स्वयंपाकघराला खिडकी पाडून झाली होती आणि तिच्यातून डोंगर दिसत होता. काका स्वतः चहा करत होते, आणि तो चांगला होत नव्हता. अंगणात अकराही पिंपं घासूनपुसून, ओळीने पालथी घालून ठेवली होती. मावशी पंचमीला माहेरी गेल्या होत्या. पंचमी होऊन आठ दिवस उलटले होते.

"कधी येणार मावशी?" मी विचारलं.

काकांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि नळाकडे बघत अगदी सावकाश सांगितलं, "येईल की. दिवस सांगून गेली न्हाय."